अंगण खरंच वाकडं आहे!

परवा लंचला टीममधल्या एका मराठी भिडूने फोनवर फोटो दाखवला. "घेतला रे! दोनशे डॉलरमध्ये ऑफसेट स्मोकर." सगळ्यांनी वा वा केलं. मी म्हटलं, परत कर. तो म्हणाला, "तुला जमलं नाही म्हणून सांगतोस. नाचता येईना..." वगैरे वगैरे. म्हणून आज इथे सविस्तर भांडतो.

ज्यांनी ऑस्टिनची हवा खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑफसेट म्हणजे एक आडवं पिंप, त्यात मांस. पिंपाच्या एका बाजूला, जरा खाली, जोडलेली पेटी. तिच्यात लाकडाचा जाळ. दुसऱ्या टोकाला धुराडं. गरम हवा आणि धूर पिंपातून जाता जाता मांस शिजवतात. २२५ ते २७५ डिग्री फॅरनहाइट, दहा-बारा तास. टेक्सासातले लोक हे प्रकरण जाड पाइपांतून आणि प्रोपेनच्या जुन्या टाक्यांतून वेल्डिंग करून बनवत आले. ज्या ॲरन फ्रँकलिनला २०१५ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, त्याच्याही भट्ट्या अशा टाक्यांच्याच. आता टाकीचं पोलाद बघा, आणि दोनशे डॉलरवाल्याचा दीड-दोन मिलीमीटरचा पत्रा बघा. आकार तोच, काळा रंग तोच. तिथेच माणूस फसतो.

मीही फसलो होतो. बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच इकडे आले होते. माणूस मटणाचा दर्दी, म्हटलं यांना टेक्सास खायला घालू. आमच्या घोळक्यात बीफ खाणारे दोघंच, म्हणून आठ पौंडांचा पोर्क शोल्डर आणला. पहाटे पाचला पेटवलं. एक ओंडका टाकला की काटा ३२५ वर, तो जळून गेला की १९०. पुन्हा ओंडका, पुन्हा ३२५. सिस्टिममध्ये बफरच नाही हो! पातळ पत्रा उष्णता साठवतच नाही. जाळ उठला की तापला, बसला की गार. त्यात झाकणावरचं ते तबकडीचं थर्मामीटर, जे वरच्या हवेचं तापमान सांगतं, जाळीवरच्या मांसाचं नाही. दुपारी मांसाचं आतलं तापमान १६० ला येऊन अडकलं ते तीन तास हलेना. (घाम येऊन आपण गार होतो तसंच. मांसातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जितकी उष्णता मिळेल तितकी खाऊन टाकतं. हे नॉर्मल आहे, पण तेव्हा मला कुठे माहीत!) मी घाबरून आणखी लाकूड कोंबलं. काटा चढला. मग जे प्रत्येक नवशिक्या करतो ते केलं, हवेची झडप बंद.

आणि धूर आला. पांढरा, दाट, फोटोत छान दिसणारा. हवा तोडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून जे निघतं ते मांसावर डांबरासारखं बसतं. संध्याकाळी आठ जणांनी गुपचूप एकेक तुकडा खाल्ला. बाबा म्हणाले, "ओल्या सरपणावर केल्यासारखं लागतंय रे." रात्री बायकोने पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या डब्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "आच कमी कशी करतोस?" मी झडप दाखवली. ते हसले. "तुझी आजी चुलीचं तोंड कधी बुजवायची का? लाकूड मागे ओढायची." च्यायला! चार इयत्ता शिकलेल्या बाईला जे कळत होतं त्यासाठी मी दोन महिने रिव्ह्यू वाचत होतो. हवा मोकळी ठेवायची आणि आच लाकडाने सांभाळायची. लहान, सुकी, मनगटाएवढी ढलपी, पोस्ट ओकची मिळाली तर उत्तम. धुराड्यातून धूर जवळपास दिसू नये, दिसलाच तर फिकट निळा.

पण मग पातळ पत्र्यात का नाही करायचं? कारण लहान जाळाने तो डबा तापलेला राहत नाही, थोडा वारा सुटला की संपलं. पाव इंच पोलाद एकदा तापलं की स्वतःच भट्टी होतं आणि लहान, स्वच्छ जाळ पुरतो. मुरलेला माणूस फटी बुजवून, दर पंधरा मिनिटांनी काटक्या घालत पातळ पत्र्यावरही चांगलं काढेल, मान्य. पण तो मुरला असतो दुसऱ्या कशावर तरी. दोनशे डॉलरचा डबा विकला जातो नवशिक्याला, म्हणजे ज्याला चुका परवडत नाहीत त्यालाच.

जाड पोलादाची किंमत चार आकडी आणि उचलायला चार माणसं, हेही खरं. अपार्टमेंटच्या बाल्कनीत तर बहुतेक ठिकाणी विस्तव पेटवायलाच बंदी. मग परसदार असेल तर साधी गोल केटल घ्या ना! १९५२ साली जॉर्ज स्टीफनने बोया अर्धा कापून बनवली ती. कोळसे एका बाजूला, त्यावर ओकचे दोन तुकडे, मांस दुसऱ्या बाजूला, झाकण बंद. पैसे साधारण तेवढेच. दिसायला 'खऱ्या पिटमास्टर'सारखं दिसत नाही एवढाच काय तो तोटा. बाबा पुढच्या वेळी आले तेव्हा याच्यावरच केलं, तर शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा यावरून त्यांचं आणि माझ्या लेकीचं वाजलं.

माझ्या जुन्या डब्यात सध्या पुदिना लावलाय, मस्त आलाय. आणि मित्रा, तुझ्या परतीच्या ३० दिवसांतले ११ गेलेत. खोका फेकला नाहीस ना?