पर्यावरणपूरक बाग, पण सातबारा कोणाचा?

'पर्यावरणपूरक' हा शब्द सध्या फार स्वस्त झाला आहे. तो कॉफीच्या पाकिटावर असतो, रिसॉर्टच्या पाटीवर असतो, शेतकरी मेळाव्याच्या बॅनरवर असतो. आंबेडकरी तरुणांनी या शब्दाकडे पाठ फिरवू नये. वादळ, टंचाई आणि दूषित पाणी यांचा पहिला फटका आपल्याच वस्त्यांना बसतो. पण हा शब्द कानावर पडला की एक प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे : पूरक म्हणजे नेमकी कोणाला पूरक? झाडाला, पाखराला, ग्राहकाला आणि मालकाला पूरक असलेली शेती मजुराला पूरक आहे का?

आधी कॉफीचं उदाहरण घेऊ. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि तीही बहुतेक मोठ्या झाडांच्या सावलीत. सावली राखली तर माती धुपत नाही, पक्षी टिकतात, ओलावा राहतो. खरी अडचण फळ तोडल्यानंतर सुरू होते. ओल्या पद्धतीत फळाचा गर काढायला आणि बी आंबवून धुवायला भरपूर पाणी लागतं. ते पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. यावर उपाय आहेत. कमी पाण्यावर चालणारी यंत्रं, सांडपाण्याच्या टाक्या, सालींचं खत, शक्य तिथे फळ उन्हात वाळवण्याची सुकी पद्धत. हे सगळं व्हायलाच हवं. कारण ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण याच कॉफीच्या कोडगू जिल्ह्यात डिसेंबर २०१६ मध्ये दिड्डळ्ळी इथे वनविभागाने पाचशेहून अधिक आदिवासी कुटुंबांच्या झोपड्या पाडल्या. त्यातले कितीतरी जण कॉफीच्या मळ्यांवरच्या मजुरांच्या खोल्यांत राहून राबलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या सावलीतली कॉफी ज्यांनी पिकवली, त्यांना स्वतःच्या छपराची सावली मिळाली नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तिथे विकता येणार नाही आणि प्रत्येक तुकड्याचं नकाशावरचं ठिकाण द्यावं लागेल. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, तरी दिशा ठरलेली आहे. नकाशावर तुकडा दिसेल, झाडं दिसतील. त्या तुकड्यावर राबणाऱ्या बाईला किती मजुरी मिळाली, हे उपग्रहाला दिसत नाही.

याच्या उलट चित्र आंध्रच्या अराकू खोऱ्यात आहे. तिथे आदिवासी कुटुंबं स्वतःच्या छोट्या तुकड्यांवर सावलीत कॉफी आणि मिरी घेतात. अराकूच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथलं सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही, दलाल तिथेही आहेत. पण तिथे आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ न देणारा १९७० चा कायदा आहे आणि १९९७ च्या 'समता' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला बळ दिलं आहे. म्हणून चांगल्या कॉफीचा भाव निदान काही प्रमाणात पिकवणाऱ्याच्या हातात पडू शकतो. जमीन हातात असेल तर सेंद्रिय शेतीतून कमाई होते, नसेल तर तिच्यामुळे फक्त काम वाढतं. तण औषधाने मारायचं नसेल तर ते हातानेच उपटावं लागतं ना!

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. हरिहरेश्वरला कॉफी नाही. तिला डोंगराची उंची लागते आणि आपण समुद्रसपाटीला. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव निघतं. पण सावलीतल्या बहुमजली शेतीचा जो नमुना कॉफीच्या निमित्ताने जगभर दाखवला जातो, तो श्रीवर्धन तालुक्याच्या वाड्यांना नवा नाही. वर नारळ, मध्ये सुपारी, खाली जायफळ, खोडावर मिरीचा वेल. श्रीवर्धनची रोठा सुपारी तर प्रसिद्धच आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं नवं झाड उत्पन्नावर यायला कितीतरी वर्षं जातात. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. ती पुरेशी नव्हती, ही बागायतदारांची तक्रार रास्तच आहे. पण त्या हिशेबात एक रकानाच नव्हता. झाडावर चढून घड उतरवणारा, वाडी शिंपणारा, सुपारी वाळवणारा, ती सोलत बसणाऱ्या बाया, यांचा रोजगार झाडांबरोबरच पडला होता. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हेच दिसत राहिलं की पंचनामा झाडाचा होतो, राबणाऱ्या हाताचा होत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं नुकसान कागदावर झालेलंच नसतं.

हे योगायोगाने घडलेलं नाही. हा खोतीचा मुलूख आहे. बागमांडल्याहून जेटीने खाडी ओलांडली की वेसवी आणि मंडणगड तालुका लागतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात आहे. कोकणातल्या कुळाची अवस्था त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जातपात न पाहता गावकऱ्यांना जमीन सामूहिकरीत्या कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच वाटेवर.

काही मित्र म्हणतात, पर्यावरणाच्या प्रश्नात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती तिथे आधीपासूनच बसलेली आहे. सावित्री नदी महाडवरून वाहत येऊन हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. तिच्याच काठच्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांना तळ्यातलं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी कोणाचं, या प्रश्नाला इथे जात चिकटलेली होती. जमिनीला ती आजही चिकटलेली आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली : आपत्तीच्या मदतीत वाडीवरच्या मजुराच्या बुडालेल्या रोजगाराचा स्वतंत्र रकाना हवा. पुनर्लागवड, खड्डे, आळी, पालापाचोळ्याचं खत ही कामं रोजगार हमीतून आणि पूर्ण मजुरीने व्हावीत.

दुसरी : कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. पण २०१८ च्या निर्णयानुसार खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख आहे. पर्यटनाने भाव चढवलेल्या किनाऱ्यावर या दराने जमीन देणार कोण? किनारी तालुक्यांसाठी वेगळी मर्यादा ठरवा.

तिसरी : रायगडमधल्या कातकरी, ठाकूर बांधवांच्या दळी जमिनींचे दावे वनहक्क कायद्याखाली निकाली काढा. डोंगर राखणाऱ्याच्या नावावर डोंगर असला तरच तो टिकतो.

चौथी : सुपारीच्या झापांपासून पत्रावळी, सालींचं खत, मसाल्यांची प्रक्रिया, असे उद्योग आपल्या महिलांच्या गटांच्या मालकीचे हवेत. त्यांत आपल्या बाया फक्त मजूर म्हणून नकोत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारी सेंद्रिय पिकवली म्हणून तोंडाचा कॅन्सर टळत नाही. म्हणून नव्याने लागवड करताना मिरी, जायफळ, दालचिनी, नारळ यांना पुढे आणणं हे वाडीच्याही हिताचं आहे आणि आपल्या पोरांच्याही.

पुढच्या वेळी तुमच्या गावात 'पर्यावरणपूरक शेती'चं शिबिर लागलं तर जरूर जा. खत कसं करायचं ते शिका, पाणी कसं वाचवायचं ते शिका. आणि शेवटी हात वर करून विचारा : या बागेत मजुरी किती, ती बाईला आणि गड्याला सारखी का नाही, आणि सातबारा कोणाचा?

जय भीम!