बॉक्स बदला, रेकॉर्डिंग विसरा

तुम्ही मोबाइल कंपनी बदलता तेव्हा तुमचा फोन कोणी काढून घेत नाही. सिम बदलतं, नंबरसुद्धा तोच राहतो. 20 जानेवारी 2011 पासून ही सोय देशभर आहे, आणि हे वाचणाऱ्या अनेकांना तिच्याआधीचा काळ आठवतही नसेल. आता कल्पना करा, कंपनी बदलली की फोन भंगारात. त्यातले फोटो, आवाज, व्हिडिओ, सगळं त्याच्यासोबत. नवा फोन नव्या कंपनीकडूनच घ्यायचा, आणि तिला सोडलंत की तोही भंगारात. असं कोणी मोबाइलच्या बाबतीत केलं तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला ट्विटर पेटवाल. टीव्हीच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्याला आपण ‘नवीन कनेक्शनवर बॉक्स फ्री’ म्हणतो.

‘पण टीव्ही बघतं कोण आता?’ हा प्रश्न मला ठाऊक आहे. ज्याच्या खोलीत वायफाय आहे आणि ज्याचं प्लॅनचं बिल दुसरं कोणीतरी भरतं, तोच तो विचारतो. भिवंडीत या. इथे यंत्रमागाचे कारखाने बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. एका खोलीत सहा-आठ कामगार राहतात, अर्धे दिवसपाळीचे, अर्धे रातपाळीचे. पद्मानगरात तेलुगू चॅनेल लागतं, पलीकडच्या गल्लीत भोजपुरी, आमच्याकडे मराठी मालिका आणि वर न्यूज. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो तेव्हा त्याची मालिका, त्याची मॅच होऊन गेलेली असते. मोबाइलचा रोजचा डेटा रील्समध्येच संपतो. सोसायटीतला मुलगा रात्री अकराला कंटाळा आला म्हणून काहीतरी लावतो. या माणसाला मात्र ‘नंतर बघू’ची खरी गरज असते. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स, हे यंत्र त्याच्यासाठी बनायला हवं होतं. बनलं ते मॅच पॉज करून चहा करायला जाणाऱ्यांच्या जाहिरातींसाठी.

थोडा इतिहास. केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने झालं. मुंबई पहिल्या टप्प्यात, 31 ऑक्टोबर 2012. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात, 31 मार्च 2013. भिवंडी या दोघांच्या मधोमध, पण तिसऱ्या टप्प्यात. मुदत 31 डिसेंबर 2015. म्हणजे खाडीपलीकडे बॉक्स लागून पावणेतीन वर्षं झाली तरी इकडे मुदत संपलेली नव्हती. तेव्हा सांगितलं गेलं की डिजिटल झालं की चित्र स्वच्छ दिसेल, चॅनेल वाढतील आणि मुख्य म्हणजे ग्राहक राजा होईल, पाहिजे त्याच्याकडे जाईल. पुढे 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धत आली. 130 रुपये नेटवर्क कपॅसिटी फी, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 153 रुपये 40 पैसे. त्यात 100 चॅनेलची जागा, आणि पैसेवाल्या चॅनेलांचे दर वेगळे. एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांएवढी जागा खाणार. कागदावर हे उत्तम होतं. तुम्हाला हवं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या.

फक्त एक गोष्ट त्या कागदावर नव्हती: बॉक्स.

बॉक्सचं कुलूप कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची फसवणूक दिसेल. चॅनेलचं चित्र हवेतून किंवा वायरीतून येताना विस्कटलेलं येतं. विस्कटायची पद्धत बहुतेकांची एकाच आंतरराष्ट्रीय मानकातली असते, म्हणजे कुलूप साधारण एकाच घडणीचं. किल्ली मात्र दर कंपनीची वेगळी. ती स्मार्ट कार्डात असते किंवा बॉक्सच्या आत चिपमध्ये कायमची बसवलेली असते. छत्रीचा बॉक्स केबलवर चालत नाही हे समजू शकतं, सिग्नलच वेगळा आहे. पण एका छत्रीचा बॉक्स दुसऱ्या छत्रीवर का चालू नये? डीटीएचच्या परवान्याच्या सरकारी अटींत 2001 पासून लिहिलेलं आहे की बॉक्स खुल्या रचनेचा, एकमेकांच्या सेवेत चालेल असा असावा. पंचवीस वर्षं होत आली. तुमच्या ओळखीत एकाने तरी जुन्या बॉक्सवर नवी कंपनी लावून दाखवलीय का?

आमच्या घरी हा बदल 2019 साली झाला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. नवा एचडी डीव्हीआर लावायला आलेल्या मुलाने पिशवीतून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर काढली आणि एचडी बॉक्स एचडी टीव्हीला त्या वायरीने जोडला. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. एचडीच्या पॅकचे पैसे भरून साधं चित्र ताणून बघणारी किती घरं आहेत हे पाहायचं असेल, तर पुढच्या वेळी नातेवाइकांकडे गेलात की टीव्हीच्या मागे हात घालून बघा. मी म्हटलं, ‘भाऊ, एचडीएमआय नाही आणली?’ तो म्हणाला, ‘ताई, ती वेगळी घ्यावी लागेल.’ मग छत्रीवरून एकच वायर खाली आणली. आमच्या त्या बॉक्सला एक कार्यक्रम रेकॉर्ड करताना दुसरा बघायचा असेल तर छत्रीपासून दोन वायरी लागतात. ‘याला एकच पुरते, ताई.’ पुरते, जर तुम्ही विकत घेतलेलं अर्धं यंत्र बंद ठेवायला तयार असाल तर. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला एका दिवसात किती घरं उरकायची असतात ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. वायर कोणती द्यायची हे वर बसून ठरतं.

खरी गोष्ट जुन्या बॉक्सची. त्यात माझ्या काकांच्या भजनी मंडळाचा सह्याद्री वाहिनीवर लागलेला अर्धा तास होता. एकदाच लागला होता. यूट्यूबवर नाही, मी शोधलाय. काका 2018 मध्ये गेले. आईने तो कार्यक्रम कधी डिलीट होऊ दिला नाही, डिस्क भरली की मालिका उडवायची, हा ठेवायची. कनेक्शन बदललं, जुन्या बॉक्सचं खातं बंद झालं, आणि रेकॉर्डिंगच्या यादीत नाव दिसत राहिलं पण उघडेना. डिस्क काढून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, डेटा आहे, पण त्या बॉक्सच्या किल्लीने बंद आहे. आता बघा: सह्याद्री ही सरकारी वाहिनी, जनतेच्या पैशातली, कोणालाही फुकट दिसणारी. आमच्याच माणसाचा आवाज. वीजबिल आमचं, डिस्कचे पैसे आम्ही भरलेले. आणि किल्ली तिसऱ्याकडे.

कायद्याला हे मान्य आहे का? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 39 वाचा. प्रसारण खासगी वापरासाठी रेकॉर्ड करणं म्हणजे हक्कभंग नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. अमेरिकेत हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा लागला. सोनीच्या बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात 1984 साली 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला की घरी टीव्ही रेकॉर्ड करून नंतर बघणं हा गुन्हा नव्हे. आपल्याकडे ते कायद्यातच लिहून ठेवलंय. कायदा म्हणतो ठेवा, बॉक्स म्हणतो नाही ठेवू देणार, आणि आपण बॉक्सचं ऐकतो.

यातला सगळ्यात मोठा विनोद गल्लीच्या टोकाला आहे. तिथल्या कामगारांच्या खोलीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे. 2004 पासूनची ही सेवा, महिन्याचं भाडं शून्य. बॉक्स बाजारातून आणलेला, साधा, मागे पेनड्राइव्हचं भोक. रातपाळीला जाताना टायमर लावतात, सकाळी पेनड्राइव्हवरून बघतात. तीच फाइल कॉम्प्युटरवर चालते, दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीवरही चालते. कोणाची परवानगी नाही, कसलं कुलूप नाही. म्हणजे सगळ्यात स्वस्त बॉक्सवाल्याचं रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं, आणि 500 जीबीची डिस्क, एचडी, प्रीमियम पॅक असं सगळं घेणारा भाडेकरू. जास्त पैसे देऊन आपण नक्की काय विकत घेतलं?

कंपन्यांचं म्हणणं असं की बॉक्स आम्ही तोट्यात देतो, तो दुसऱ्याने वापरला तर आमचं काय. आणि कुलूप सैल केलं तर चोरी होईल. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तोट्यात देऊ नका. पूर्ण किमतीत विका, आम्ही फोन घेतो तसा दुकानातून घेऊ, दहा वर्षं वापरू. भिवंडीच्या भंगाराच्या गोदामांत गेलात तर ‘फ्री’ बॉक्सची खरी किंमत गोणीत भरून ठेवलेली दिसेल. चोरीचा मुद्दा मी उडवून लावत नाही, पण किल्ली वेगळ्या कार्डात ठेवून बॉक्स सामायिक करता येतो हे सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्याने हेच सांगितलं, त्यातून केबलकार्ड आलं, आणि जुलै 2007 पासून केबल कंपन्यांना स्वतःच्या नव्या बॉक्समध्येही तेच कार्ड वापरायची सक्ती झाली. लोक बाजारातून टिवोसारखा आपल्या पसंतीचा डीव्हीआर आणायचे आणि केबल कंपनीकडून फक्त कार्ड घ्यायचे. कंपन्या शेवटपर्यंत कुरकुरत राहिल्या, आणि 2020 मध्ये तिथल्या नियामकाने ते नियम काढून टाकले. चालत नव्हतं म्हणून नव्हे. तोवर ग्राहक मोबाइल आणि ओटीटीकडे वळला होता आणि भांडायला कोणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे त्याच वर्षी, एप्रिल 2020 मध्ये, ट्रायने उलट दिशेची शिफारस केली: देशात ग्राहकाला दिला जाणारा प्रत्येक सेटटॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालेल असा असावा, निदान डीटीएचमध्ये डीटीएचचा, केबलमध्ये केबलचा. शिफारस मंत्रालयाकडे गेली. दुकानात तसा बॉक्स अजून मिळत नाही. आणि ट्रायच्या शिफारशीतही एक मोठं भोक आहे: ती बॉक्सबद्दल बोलते, रेकॉर्डिंगचं काय ते विचारत नाही. उद्या बॉक्स चालला तरी जुन्या कंपनीच्या किल्लीने बंद केलेला काकांचा अर्धा तास बंदच राहील.

आता तुमच्याकडे येते, कारण तुम्ही इथवर ‘हे आई-बाबांचं दुखणं’ म्हणून वाचत असाल. तुमच्या फोनवर ‘डाउनलोड’ नावाचं बटण आहे ना? प्लॅन संपू द्या आणि मग ती फाइल उघडा. किंवा मालिका प्लॅटफॉर्मवरून काढून टाकली जाऊ द्या. तो डीव्हीआरच आहे. फक्त डिस्क तुमच्या खिशात आली. सेटटॉप बॉक्सवर हे कुलूप लागलं तेव्हा आपण ‘टेक्निकल आहे’ म्हणून मान डोलावली, म्हणून फोनवर ते लावताना कोणाला विचारावंही लागलं नाही. व्हीएचएसच्या कॅसेटवर लग्नाच्या शेजारी ‘महाभारत’ रेकॉर्ड करणारी पिढी अडाणी नव्हती. तिने जे ठेवलं ते तिचं होतं. कॅसेटला बुरशी लागली तर तो पावसाचा दोष, कंपनीचा नव्हे.

मागणी साधी ठेवू या. बॉक्स खुल्या बाजारात मिळावा आणि किल्ली कार्डावर असावी. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढता यावं, कलम 39 जेवढं देतं तेवढं. कनेक्शन सोडणाऱ्याला खातं बंद करण्याआधी निदान महिनाभर स्वतःचं रेकॉर्डिंग उतरवून घ्यायची मुभा असावी. बँक खातं बंद करताना लॉकरमधले दागिने ठेवून घेत नाही. ट्राय असे विषय घेते तेव्हा आधी सल्लामसलतीचा मसुदा काढते आणि त्यावर कोणीही, अगदी तुम्हीही, ईमेलने मत पाठवू शकता. मतं वेबसाइटवर जाहीर होतात. पुढचा मसुदा आला की पाठवा, मराठीत पाठवा. आणि तोवर, नवीन कनेक्शन घ्यायला निघालेल्या काका-मामांना एवढं सांगा: माणूस यायच्या आधी एचडीएमआयची वायर आणून ठेवा, दोन ट्यूनरचा बॉक्स असेल तर छत्रीपासून दोन वायरी टाकायला लावा, आणि जुना बॉक्स बंद करण्याआधी त्यात काय आहे ते टीव्हीसमोर मोबाइल धरून का होईना शूट करून घ्या.