एंजिनातले लाकूड

आगगाडीचे एंजिन म्हटले की डोळ्यांपुढे लोखंड उभे राहते. पण एंजिनात लाकूडही असते, आणि एंजिन म्हातारे झाले की आधी तेच जाते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले. तेही एका होड्या बांधणाऱ्या मिस्त्र्यांकडून!

आम्ही वसईकर म्हणजे रेल्वेच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसे. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे लोकल गाडी सुरू झाली, तेव्हापासून आमच्या तालुक्याचे जेवणखाणसुद्धा गाडीच्या वेळेवर चालते. 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. पण लांबच्या गाड्यांपुढे वाफेचे एंजिन पुढेही कित्येक वर्षे धापा टाकत होते. माझे वडील अशाच एंजिनावर फायरमन होते. पहाटे घरी येत तेव्हा डोळ्यांच्या कडांतले काजळ साबणालाही दाद देत नसे. शाळेत कोणी विचारले की मी सांगे, "वडील रेल्वेच्या हपिसात आहेत." हे खोटे त्यांच्या कानावर गेले होते की नाही, ते मला कधीच कळले नाही.

म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मित्राने विचारले, "मास्तर, एका जुन्या एंजिनाची केबिन दुरुस्त करायची आहे, येता का?" तेव्हा मी चटकन हो म्हटले. एंजिन चिमुकले, चौथऱ्यावर उभे केलेले. कुठले ते सांगत नाही. ज्यांच्या ताब्यात होते त्यांनी दरवर्षी रंग द्यायला मुळीच कुचराई केली नव्हती. रंगाखाली काय आहे ते पाहायचे तेवढे राहून गेले होते.

छपराच्या पत्र्याखाली सागाच्या फळ्या, खिडकीला लाकडी चौकट, बसायला लाकडी पाट. ही काही चैन नव्हे. समोर भट्टी, डोक्यावर आपले ऊन. नुसत्या पत्र्याखाली माणूस भाजून निघेल. लाकूड उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. विलायतेत पहिल्या एंजिनांना केबिनच नसे, ड्रायव्हर उघड्यावर वारापाऊस खात उभा राही. अमेरिकेत थंडी कडक आणि जंगले अफाट, म्हणून तिथे लाकडी केबिनी आधी रुळल्या.

आम्ही चार पेन्शनर, आणि पाचवे पाचूबंदरचे मिस्त्री. त्यांनी आल्या आल्या हातोडीच्या दांड्याने फळ्या वाजवून पाहिल्या. चांगली फळी टणक बोले, कुजकी नुसती 'भद्' करी. जिथे बोल्ट लोखंडातून लाकडात शिरला होता, तिथेच कूज होती. "लोखंड गंजतं, भोक रुंदावतं, पाणी शिरतं. वरून रंग दिला की ते पाणी आतच कोंडतं," ते म्हणाले. "होडीचंही असंच मरण असतं, मास्तर."

मग वाद झाला. एकजण म्हणाला, सगळे काढून प्लायवूड ठोका, दोन रविवारांत काम फत्ते. दुसरा म्हणाला, एक खिळाही बदलू नका. माझे लक्ष मात्र फायरमनच्या बाजूच्या खिडकीकडे होते. तिच्या खालच्या लाकडात कोपरे टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला होता. वडील या एंजिनावर कधीच नव्हते. तरी मी सहज कोपर टेकले, आणि ते त्या खळग्यात नीट बसले. वडिलांच्या कोपराला पडलेला घट्टा आठवला. तो कशाने पडला, हे मी त्यांना जन्मात विचारले नव्हते.

"हे लाकूड ठेवायचं," मी म्हणालो.

"एक टोक कुजलंय."

"तरी ठेवायचं, मिस्त्री."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता वीतभर कुजका भाग तिरका कापून काढला. त्याच उताराचा नवा सागाचा तुकडा बसवला, अळशीचे तेल पाजले. रंग मुद्दाम जुळवला नाही. "जुनं किती नि नवं किती, ते बघणाराला दिसू दे की!"

हे वेड आमचेच आहे असे नव्हे. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 पासून स्वयंसेवकांनी चालवून दाखवली. 1907 साली सुरू झालेल्या आपल्या नेरळ-माथेरान गाडीच्या चार जुन्या एंजिनांपैकी 740 क्रमांकाचे एंजिन इंग्लंडात लेटन बझर्डच्या हौशी मंडळींच्या रेल्वेवर जाऊन पोचले. दोन्हीकडचे रूळ दोन फुटी. म्हणजे मुलगी परदेशी गेली तरी घर मापाचेच मिळाले!

आमचे काम धनत्रयोदशीला पुरे झाले. मी हौसेने खिडकीत पणती ठेवायला गेलो, तर मिस्त्री ओरडले, "मास्तर, ताजं तेल पाजलंय! पेट घेईल!" जन्मभर पोटात आग बाळगलेल्या एंजिनाला पणतीची बंदी! शेवटी पणती दूर, चौथऱ्याच्या कोपऱ्यावर ठेवली. तिच्या उजेडात नव्या सागाचा तुकडा तेवढा पिवळाधमक दिसत होता.

निघताना मिस्त्री बजावून गेले, "पावसाआधी बोल्ट उघडून बघायचे. नुसता रंग देऊन समाधान मानायचं नाही." वैशाखात मी जाणार आहे. आता कोणी विचारले तर सांगेन, वडील एंजिनावर फायरमन होते.