पक्की नोकरी

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. प्रसंग घरगुती खरा; परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो कोणत्या ना कोणत्या रूपानें येऊन गेला असेल, अगर उद्यां येईल, असें वाटल्यावरून या वेळीं तोच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा हिंजवडीच्या एका संगणक-कंपनींत चार वर्षें नोकरीस होता. पगार असा कीं, आमच्या वडिलांनीं निवृत्त होतांना वर्षाकांठीं जेवढा पाहिला नाहीं, तेवढा त्यास महिन्याकांठीं मिळे. येत्या मार्गशीर्षांत त्याचें लग्न ठरलेलें. कार्यालय पाहून झालें होतें, आगाऊ रक्कम दिली होती, याद्याहि झाल्या होत्या. अशांत एका मंगळवारीं भर दुपारीं तो घरीं आला आणि जिन्यावरच बसून राहिला. कंपनीनें त्याच्याकडून राजीनामा लिहून मागितला होता व त्यानें तो दिला होता. त्याच्या विभागाचें काम आतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें थोड्या माणसांत होतें, असें कारण त्यास सांगण्यांत आलें. चार वर्षांचा संबंध पंधरा मिनिटांच्या बोलण्यांत संपला.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारी मंडळी एकत्र बसली. आश्चर्य हें कीं, वाद माजला तो दुसऱ्या नोकरीविषयीं नव्हे. मुलीकडच्या मंडळींस कळवावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, दोन महिन्यांत त्याला दुसरी लागेल. मग आतांच बोभाटा कशाला? लग्न तेवढें होऊन जाऊं द्या.” बंधु कांहींच बोलले नाहींत. पुतण्या म्हणाला, “काका, मी लपवूं म्हणत नाहीं, पण सांगायचें कसें, तेंच कळत नाहीं.” आमच्या मातोश्री आज चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. त्या एवढेंच म्हणाल्या, “नोकरी पक्की आहे का, असें त्यांनीं विचारलें होतें ना? तेव्हां आपण हो म्हटलें. मग आतां नाहीं, हेंहि आपणच सांगायला हवें.”

त्या रात्रीं निर्णय झाला नाहीं. आम्हांस मात्र झोंप लागेना. ‘पक्की’ या एका शब्दावर आमच्यासारख्या घरांनीं किती लग्नें जमविलीं, किती मोडलीं, किती मुलांस त्यांच्या आवडीच्या मार्गावरून मागें ओढलें! तो शब्द खरोखर कोणत्या काळीं खरा होता, हें आम्ही मनाशीं तपासूं लागलों.

आमच्या घराण्याकडे एका गांवचें कुळकर्ण होतें. यापेक्षां पक्की वृत्ति ती कोणती? बापामागें मुलगा, मुलामागें नातू. काढून टाकण्याची गोष्टच नाहीं. परंतु १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें रद्द झालीं आणि आमच्या आजोबांस चाळिशी उलटल्यावर पोटासाठीं शहर गांठावें लागलें. त्याच्याहि मागें जाऊन पाहिलें, तर १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां राज्याच्या आश्रयावर पोट असलेल्या कारकुनांस व शास्त्र्यांस नवा धनी शोधावा लागलाच होता. सुरेख मोडी अक्षर हें एके काळीं मोठें भांडवल होतें. ज्याचा हात वळणदार, त्यास कोठेंहि कारकुनी मिळे. छपाईस सोयीची म्हणून बाळबोध लिपि सर्वत्र झाली, आणि आज जुना दस्तऐवज वाचावयाचा झाल्यास मोडी जाणणारा मनुष्य शोधून आणावा लागतो.

ज्या छापखान्यांत आमचे पहिले लेख छापले गेले, तेथें खिळे जुळविणारे एक गृहस्थ होते. जोडाक्षरांच्या असंख्य खणांतून त्यांचा हात न पाहतां फिरे. एवढेंच नव्हे, तर आमच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ते न विचारतां सुधारीत. संगणकावरची जुळणी आली आणि दोन-चार वर्षांत त्या पेट्या भंगारांत गेल्या. त्यांचें ज्ञान कमी झालें नव्हतें. त्याची गरज तेवढी संपली होती. तारखात्याची गोष्ट तीच. आपल्या देशांत १८५४ पासून तार लोकांस खुली झाली. तार आली म्हणतांच घराचा थरकाप होई. ती सेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, तेव्हां ज्या घरांचा तिनें थरकाप उडविला होता त्यांपैकीं बहुतेकांस त्या दिवसाची आठवणहि राहिली नाहीं.

मोठ्यांतलें मोठें उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचें. तेथें पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि पुढें सव्वाशें वर्षें कोंकणांतल्या व घाटावरच्या कित्येक घरांच्या चुली गिरणगांवांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटल्या. बापाच्या जागीं मुलगा लागे, म्हणून तीहि नोकरी पक्कीच म्हणावयाची. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो संप रीतसर मागें घेतला गेला नाहीं. तो नुसता विरून गेला, आणि त्याबरोबर बहुतेकांची नोकरीहि गेली. त्या वेळीं आमच्या घरांत काय बोललें गेलें, हें आम्हांस चांगलें आठवतें. “शिकले असते तर ही वेळ आली नसती,” असें आमच्या वडीलधाऱ्यांनीं म्हटलें, आणि आम्हीं तें खरें मानलें. आज आमचा पुतण्या अभियांत्रिकीचा पदवीधर असून जिन्यावर बसला आहे. त्या वाक्याची लाज आम्हांस आतां वाटते. ती चाळीस वर्षांपूर्वीं वाटावयास हवी होती.

सरकारी नोकरी तरी पक्की ना, असें कोणी विचारील. जागा पक्की, पण तिच्या पोटांतली वस्तु बदलली आहे. केंद्र सरकारच्या नोकरींत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांस (सैन्यदल वगळून) व महाराष्ट्र सरकारच्या नोकरींत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांस जुनें पेन्शन लागू राहिलें नाहीं. त्यासाठीं मार्च २०२३ मध्यें राज्यांतील कर्मचाऱ्यांनीं संप केला. केंद्रानें एप्रिल २०२५ पासून निश्चित पेन्शनचा एक पर्याय पुढें ठेविला. म्हणजे एकाच कचेरींत शेजारीं-शेजारीं बसून तेंच काम करणाऱ्या दोघांचें म्हातारपण दोन प्रकारचें. शिवाय त्याच कचेऱ्यांतून आणि शाळांतून कंत्राटी, मानधनावरचे, तासिका तत्त्वावरचे असे किती प्रकार झाले आहेत! नवा शिक्षक पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून ठराविक मानधनावर राहतो. तें मानधनहि २०२३ पर्यंत प्राथमिक शाळेंत महिना सहा हजार होतें, तें त्या वर्षीं सोळा हजार झालें.

ज्यांची नोकरी टिकली ते तरी सुखी आहेत काय? तिघांचें काम एकावर आलेलें आम्ही घरोघर पाहतों. बँकेंतल्या मनुष्यानें ठेवी मोजाव्या कीं विमे विकावे? शिक्षकानें शिकवावें, कीं निवडणुकीच्या याद्या, खिचडीचा हिशेब आणि संगणकांत माहिती भरणें यांतच दिवस घालवावा? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळें गिरणी कामगारांस १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, आणि १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली. परंतु ज्याच्या खिशांत कचेरीच बसली आहे, त्याचा रविवार कोणता? आमचा पुतण्या चार वर्षें रात्रीं अकरा वाजतां जेवला. तेव्हां आम्हीं त्याच्या पगाराचें कौतुक केलें. त्याच्या झोंपेची चौकशी केली नाहीं.

घरांतील कामाचाहि हिशेब येथेंच मांडला पाहिजे. सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाकांठीं सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो, व जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटांचा, असें दिसून आलें. मुळांत घरकामास हात लावणारे पुरुषच थोडे. आतां सूनहि नोकरी करणारी हवी असें आपण म्हणतों. पण तिचीं ती पांच तासांचीं कामें कोणाच्या अंगावर पडावयाचीं, हें बैठकींत कोणीच विचारीत नाहीं.

असा सर्व विचार होऊन, तिसऱ्या दिवशीं बंधु, वहिनी, पुतण्या व आम्ही असे चौघे साताऱ्यास मुलीच्या घरीं गेलों. सांगण्याचें काम पुतण्यानें स्वतः केलें. होणारे व्याही पूर्वीं बँकेंत होते. २००१ सालीं त्यांनीं चाळिशींतच स्वेच्छानिवृत्ति घेतली व नंतर वह्या-पुस्तकांचें लहानसें दुकान चालविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं आंतून मुलीस बोलाविलें आणि म्हणाले, “आपलेंहि सांगून टाक.”

ती म्हणाली, “मी कॉलेजांत शिकवितें हें खरें आहे, काका, पण तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेईन तेवढ्यांचेच पैसे. सुटींत कांहीं नाहीं, आणि पुढच्या वर्षीं बोलावतील कीं नाहीं, तें जूनपर्यंत कळत नाहीं. आम्हीं तुम्हांला ‘प्राध्यापिका’ एवढेंच सांगितलें होतें.”

खोलींत सारे स्तब्ध झाले. ज्या वहिनी लपवा म्हणत होत्या, त्यांनींच तोंड उघडलें. “मग उन्हाळ्यांत कसें ग करतेस?” असें त्यांनीं विचारलें. मुलीनें शिकवण्यांची हकीकत सांगितली, आणि बोलतां बोलतां दोघी स्वयंपाकघरांत गेल्या. लग्नाच्या गोष्टीपैकीं पहिली खरी गोष्ट त्या दिवशीं झाली, असें आम्हांस वाटलें.

लग्न ठरल्या तिथीसच व्हावयाचें आहे. कार्यालय मात्र सोडलें; आगाऊ रक्कम परत मिळाली नाहीं, परंतु बाकीचा खर्च वांचला. घरांतल्या घरांत विधि होऊन जवळच्या पन्नास माणसांचें जेवण होईल. पुतण्यास हे लिहीपर्यंत नोकरी लागलेली नाहीं. दोन ठिकाणीं बोलावणें आलें आहे. पगार दोहींकडे पूर्वींपेक्षां कमी आहे.

आमच्या अनुभवावरून वाचकांस चार गोष्टी सांगतों. घरांत मिळवते किती हें मोजण्याआधीं, मिळकत थांबली तर सहा महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूस आहे कीं नाहीं, हें पाहावें. कंपनीचा आजारपणाचा विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, म्हणून घराचा स्वतःचा विमा निराळा असावा. आमच्याकडे नव्हता, आणि ही चूक आम्हांस राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशीं कळली. एकाच्याच पगारावर वीस वर्षांचें कर्ज काढतांना तो पगार वीस वर्षें चालेल, हें कोणी सांगितलें, असें स्वतःस विचारावें. नोकरी गेल्यावर भविष्यनिर्वाह निधि काढण्याची घाई करूं नये. तो म्हातारपणाचा आहे, लग्नाच्या मांडवाचा नव्हे.

आणि स्थळ पाहतांना ‘नोकरी पक्की आहे काय?’ हा प्रश्न आतां सोडून द्यावा. त्याचें खरें उत्तर कोणापाशींच नसतें, म्हणून तो विचारणारा समोरच्यास खोटें बोलावयास लावतो. त्याऐवजीं असें विचारावें कीं, हा मुलगा अगर ही मुलगी नवें काम शिकण्यास लाजत नाहीं ना? मिळकत कमी झाली तर खर्च कमी करतां येतो ना? अडचण आली तर घरीं येऊन सांगतां येते ना? एकत्र कुटुंबाचा मोठेपणा आपण पुष्कळ सांगतों. एकाची मिळकत थांबली असतां दुसऱ्यानें घास पुढें करणें, हा त्याचा एक उपयोग आहेच. परंतु ज्याचा घास थांबला आहे, त्यास जिन्यावर न बसतां सरळ आंत येववलें पाहिजे. आमचा पुतण्या त्या दुपारीं जिन्यावर का बसला, याचें उत्तर त्याच्या कंपनीनें द्यावयाचें नसून आम्हीं द्यावयाचें आहे.