स्वस्थ न बसणारे मूल

"मुलगा एका जागी घटकाभर बसत नाही, दप्तर शाळेत विसरून येतो, गुरुजींची रोज तक्रार, मारून हात दुखले, आता काय करावे?" हा प्रश्न कितीतरी आईबापांना पडतो. शेजारीपाजारी त्याचे उत्तर चटकन देऊन टाकतात. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते आजीने लाडावून ठेवला. आता, पाच वर्षांच्या मुलाने उड्या मारू नयेत तर कोणी माराव्यात? प्रत्येक खोडकर मूल काही आजारी नसते. परंतु काही मुलांची चंचलता व विसराळूपणा समवयस्कांहून इतका अधिक असतो की अभ्यास, मैत्री, घरचे सौख्य, सारेच विसकटते. या अवस्थेला डॉक्टर ए.डी.एच.डी. म्हणतात. ती पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. आईच्या लाडाने ती जडत नाही आणि छडीने जात नाही.

हे काही मोबाईलच्या युगाचे खूळ नव्हे. हाइनरिख हॉफमन या जर्मन डॉक्टरने १८४५ साली मुलांसाठी चित्रमय पुस्तक काढले. त्यात जेवणाच्या मेजाशी चुळबुळ करणारा फिलिप आहे. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. औषधाचा शोध मात्र योगायोगाने लागला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांचे रुग्णालय चालवीत. मेंदूच्या तपासणीसाठी पाठीच्या कण्यातील पाणी काढल्यावर मुलांचे डोके दुखे, म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण वर्गातील काम पालटले! १९३७ साली त्यांनी ३० मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ जणांची शाळेतील प्रगती लक्षणीय होती. मुले त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. आज मेथिलफेनिडेट हे त्याच जातीचे औषध बहुधा दिले जाते.

निदान मात्र घाईने करू नये. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीपासून असावीत, निदान सहा महिने टिकावीत आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावीत. केवळ एकाच गुरुजींच्या वर्गात मूल बिघडत असेल, तर शोध दुसरीकडे घ्यावा. आधी कान, डोळे व झोप तपासून घ्यावी. आणखी एक गोष्ट: काही मुले, विशेषतः मुली, दंगा करीतच नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांना 'मंद' म्हणून मागच्या बाकावर ढकलले जाते, हा मला मोठा अन्याय वाटतो.

सहा वर्षांखालील मुलांना प्रथम औषध नव्हे, तर आईबापांना वागण्याचे शिक्षण, हा क्रम तज्ज्ञ मानतात. "उठ, तोंड धू, दूध पी, दप्तर भर" अशी चार कामे एका दमात सांगितली की अशा मुलाच्या हाती एकही लागत नाही. जवळ जावे, खांद्यावर हात ठेवावा, एकच काम सांगावे. ते झाले की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. संध्याकाळची शाबासकी सकाळच्या कामाला पोचत नाही. दप्तर रात्रीच भरून ठेवावे. अभ्यास दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून घ्यावा. गुरुजींनी त्याला पुढे बसवावे, फळा पुसायला उठवावे. पाय मोकळे झाले की डोकेही चालते.

मोठ्या मुलांना औषधाची गरज पडली, तर भिऊ नये व स्वतःच्या मनाने सुरूही करू नये. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांच्या चौदा महिन्यांच्या अभ्यासात, नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने लक्षणे सर्वांत अधिक कमी झालेली दिसली. तीन वर्षांनी मात्र उपचारगटांतील तो फरक उरला नव्हता. तेव्हा गोळी ही आधारकाठी समजावी. तिने भूक मंदावते, झोप उडू शकते; म्हणून सकाळी गोळीपूर्वी पोटभर न्याहारी द्यावी आणि उंची व वजन नियमाने मोजून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली सुरू झाला, या विकाराचाही समावेश आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात विनामूल्य होते. अंगणवाडीत वा सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाला मोकळेपणाने सांगावे. जाताना शाळेची वही बरोबर न्यावी. गुरुजींनी आठवड्याला दोन ओळी तीत लिहून दिल्या, तर डॉक्टरांना मात्रा ठरविताना त्यांचा मोठा उपयोग होतो.