मनोरुग्ण बंदी आणि खासगी जीवन

गुन्ह्याच्या वेळी आरोपीचे चित्त ठिकाणावर नव्हते, आपण काय करीत आहोत हे त्याला उमजत नव्हते, असे सिद्ध झाले तर कायदा त्याला दोषी धरीत नाही. १८६० च्या दंड संहितेचे ८४ वे कलम हेच सांगत होते. २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलमही तेच सांगते. परंतु असा माणूस सुटून घरी जातोच असे नाही. न्यायालय त्याला मनोरुग्णालयात ठेवू शकते आणि त्या मुक्कामाची मुदत शिक्षेसारखी आधी ठरलेली नसते. त्याच्या पहाऱ्याचा, अन्नाचा, औषधांचा विचार होतो. त्याला पत्नी असेल, तिथल्या एखाद्या स्त्रीला पती असेल, त्यांना कुणाची तरी जवळीक हवी असेल, हा विचार मात्र कुणी बोलून दाखवीत नाही.

या मौनालाच सुरक्षितता समजले जाते. तो भ्रम आहे. मनोविकारांवरील अनेक औषधांमुळे कामेच्छा मंदावते, पुरुषांत दुर्बलता येते, स्त्रियांची पाळी अनियमित होते. रुग्ण संकोचाने सांगत नाही, डॉक्टर संकोचाने विचारीत नाहीत. पुढे घरी गेल्यावर हाच रुग्ण गुपचूप गोळ्या सोडतो आणि आजार पुन्हा उसळतो. त्याची किंमत कुटुंब मोजते, क्वचित समाजही मोजतो. तेव्हा ज्याला केवळ समाजाच्या सुरक्षिततेची काळजी आहे, त्यानेही हा प्रश्न विचारलाच पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले; कामजीवन हा आरोग्याचा विषय आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला तरी नवी नसावी.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. यातील काहींच्या हातून लैंगिक गुन्हाच घडलेला असतो; काहींच्या हल्ल्याला त्यांची पत्नीच बळी पडलेली असते. आजाराच्या भरात दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हाही प्रश्न आहे. परंतु सरसकट बंदीने दुर्बलांचे रक्षण होते असा अनुभव नाही. चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या एका स्त्रीवर तेथेच बलात्कार झाला आणि ती गर्भवती राहिली. तिला मूल हवे होते. तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्याआधी १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातील मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली. या स्त्रिया कुणी बंदी नव्हत्या. पण संस्थेच्या भिंतीआड शरीरावरचा हक्क किती सहज विसरला जातो, हे त्यांच्या वाट्याला आलेल्या भोगाने दाखवून दिले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने यातून काही धडा घेतला. आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करण्यास त्याने मनाई केली आहे. रुग्णाचा खासगीपणा आणि लैंगिक छळापासून संरक्षण हे दोन्ही हक्क त्याने एकाच कलमात, शेजारी शेजारी ठेवले आहेत. ते परस्परांचे वैरी नाहीत, हेच त्यातून समजून घ्यावयाचे.

पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१४ साली कैद्यांचा वैवाहिक सहवासाचा हक्क मर्यादांसह मान्य केला आणि २०२२ मध्ये पंजाबने काही तुरुंगांत पती-पत्नींच्या खासगी भेटी सुरू केल्या. शिक्षा भोगणाऱ्याला जे देता येते, ते कायद्याने दोषी न ठरलेल्या रुग्णाला विचारही न करता नाकारणे न्यायाला धरून नाही. प्रत्येकाला मुभा द्यावी असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येकाचा स्वतंत्र विचार व्हावा, दोन्ही बाजूंची संमती एकांतात विचारली जावी, नकाराचे कारण लेखी असावे व त्याचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा. कर्मचारी आणि रुग्ण यांच्यातील संबंधांना मात्र कोणत्याही सबबीवर थारा नसावा. हे नियम लिहिण्यास फार पैसा लागत नाही. संकोच सोडावा लागतो. बरा होऊन परतणाऱ्या माणसाकडून घर-संसार सांभाळण्याची अपेक्षा ठेवायची आणि आत असताना तो विषयच वर्ज्य मानायचा, ही विसंगती आता पुरे झाली.