फोटो क्लिअर, फुप्फुसाचं काय?

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा बचाव हल्ली ठरलेला आहे. ‘छातीचा फोटो काढला, एकदम क्लिअर आला.’ पेणच्या एसटी स्टँडवर विषय काढा की रोह्याच्या स्टेशनाबाहेर, हेच ऐकायला मिळतं. पंचाईत अशी की पोरगं थाप मारत नसतं. फोटो खरोखरच क्लिअर असतो.

फुप्फुसात बहुतेक जागा हवेचीच. क्ष-किरण हवेतून आरपार जातात, त्यामुळे पाणी, गाठ, क्षयाचा डाग असं काही दाट साचलं तरच ते फोटोत उमटतं. दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिका तर साध्या सीटी स्कॅनलाही नीट दिसत नाहीत, आणि धुराने होणारा बिघाड बरेचदा तिथूनच सुरू होतो. एमआरआयची अडचण आणखी वेगळी. ते यंत्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचा संकेत टिपतं. हवेने भरलेलं फुप्फुस त्याला काळंकुट्ट दिसतं.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला तरी थक्क करणारा वाटतो. झेनॉन १२९ हा वायू घ्यायचा, लेसर आणि रुबिडियमची वाफ वापरून त्याची अणुकेंद्रं एका दिशेला वळवायची. त्यांचा संकेत हजारो पटींनी वाढतो. रुग्णाने तो वायू पिशवीतून ओढून दहा-पंधरा सेकंद दम धरला की हवा कोणत्या कोपऱ्यात पोचली आणि कोणता कोपरा कोरडा राहिला ते एमआरआयमध्ये उमटतं. शिवाय झेनॉन थोडासा रक्तात विरघळतो. फुप्फुसाच्या पातळ पडद्यात असताना त्याचा संकेत एक, तांबड्या पेशीत शिरल्यावर दुसरा. म्हणजे आत घेतलेला वायू रक्तापर्यंत कितपत जातो, हेही मोजता येतं. किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे विशीतल्या मुलाचीही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. अमेरिकेने या तपासणीला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांनी कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागणाऱ्या काही रुग्णांत याच तंत्राने बिघाड दाखवला. त्यांचे सीटी स्कॅन मात्र साफ होते.

व्हेपबाबत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पेट स्कॅनने एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच व्हेपवाले, पाच सिगारेटवाले आणि दोन्हींपासून लांब असलेले पाच. फुप्फुसातल्या दाहाची खूण सर्वांत ठळक दिसली ती व्हेपवाल्यांत, सिगारेटवाल्यांपेक्षाही जास्त. पंधरा माणसांवरून निवाडा देता येत नाही, पण ‘नुसती वाफ आहे हो’ म्हणणाऱ्याची बोलती बंद व्हायला एवढं पुरे.

हे सगळं रोह्यात कधी? मला घाई नाही. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळला २००२ पासून आहे. पण तिथे बनणारं, पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरीन १८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, आणि परळहून रोह्याला निघालेली गाडी वडखळच्या कोंडीत अडकली तर पुढचं बोलायलाच नको.

घाई नाही याचं खरं कारण दुसरं आहे: यंत्राआधी साधा प्रश्न हवा. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये धडधाकट तरुण पोरं धापा टाकत दवाखान्यांत येऊ लागली. सीटीत दोन्ही फुप्फुसांवर दुधी काचेसारखी झाक होती, पण तशी झाक न्यूमोनियातही दिसते. व्हेपशी दुवा जुळला तो ‘काय ओढतोस?’ या प्रश्नामुळे. पुढे ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत मिसळलं जाणारं. फेब्रुवारी २०२० पर्यंत दाखल झालेल्यांचा आणि दगावलेल्यांचा एकत्रित आकडा २,८०७ झाला, त्यातले मृत्यू ६८.

आपल्याकडे ‘काय ओढतोस?’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. केसपेपरवर तंबाखू, बिडी, दारू एवढंच. त्यात डॉक्टरांचाही फार दोष नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि चघळणारे-लावणारे २४.४ टक्के, त्यामुळे डॉक्टरांची नजर मिश्री-गुटख्यावर बसलेली. आंब्याच्या चवीचा व्हेप ओढणाऱ्या पोराला ‘तंबाखू?’ विचारलं, तर ते प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतं.

त्यातून पेण-रोह्याची हवा काही कोरी पाटी नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत पॉलिश पेपरने घासकाम करणारा पोरगा प्लास्टरची धूळ ओढतो, वर स्प्रे गनचा रंग. रोह्याच्या पोराला धाटावच्या रसायनांच्या कारखान्यात काम मिळतं. अशा मुलाच्या फुप्फुसात उद्या झेनॉनने एखादा कोरडा कोपरा दाखवला, तर तो व्हेपचा की धुळीचा? यंत्र सांगणार नाही. आधीची नोंद असेल तरच उलगडा होईल, आणि ती आज लिहायला हवी.

व्हेपवरच्या बंदीमुळे ही नोंद करणं अवघड झालंय, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. मला बंदी मान्य आहे. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढण्याबद्दल वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही. पण पोराला एवढंच ठाऊक असतं की ही वस्तू बेकायदा आहे. शेजारी आई बसलेली असताना ते तोंड उघडणार कशाला?

तेव्हा पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांनी एवढं करावं. खोकला किंवा धाप घेऊन आलेल्या पंचविशीच्या आतल्या मुलाच्या नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवावं. केसपेपर पोलिसांकडे जात नाही हे त्याला आधी सांगावं. मग विचारावं: व्हेप ओढतोस का, कधीपासून, आत भरलेलं काय असतं, कुठून आणतोस, आणि काम कुठे करतोस. उत्तरं लिहून ठेवायला केसपेपरची मागची बाजू पुरते.